शास्त्रात नसलेला किल्ला

दिवाळीत जे जे करायचं, त्याला कुठल्या ना कुठल्या पोथीचा आधार असतो. वसुबारसेला गाय-वासरू, धनत्रयोदशीला यमदीप, नरकचतुर्दशीला पायाखाली चिरडायचं कारीट. का म्हणून विचारलं, तर आजीकडे कथा तयार. अपवाद फक्त किल्ल्याचा. त्याला ना मंत्र, ना नैवेद्य. सहामाहीचा शेवटचा पेपर सुटला की मुहूर्त लागला. गुरुजीही दहा-बारा वर्षांचेच, नखांत माती गेलेले.

पुण्यात हल्ली अडचण होते ती मातीची. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, अंगण ऐकून माहीत. मग स्वराज्याची माती नर्सरीतून पोत्यानं विकत येते, तीही शेणखत मिसळलेली. बुरुजाला वास येतो, पण पेरलेले हळीव जोमात उगवतात. बाकी कृती जुनीच. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, गेरूचा हात, पायथ्याशी तळं. तळ्यातलं कारंजं सलाईनच्या नळीचं. कुणाच्या तरी आजोबांच्या आजारपणाचा तेवढाच फायदा.

प्रमाणबद्धता या स्थापत्याला मान्य नाही. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा महादरवाजाहून उंच, शेजारचा वाघ त्याहून. महाराज सिंहासनावर, पायरीवर भाजीवाली, खाली प्लास्टिकचा जेसीबी. आणि हे बघून कुणी मोठा माणूस गप्प राहिला, तर ते पुणं कसलं? एक काका हमखास थांबतात. "सुवेळा माची पूर्वेला असते, तुम्ही ती जिन्याकडे काढलीत." "काका, हा राजगड नाही, सिंहगड आहे." यावर ते आणखी अर्धा तास थांबतात.

सिंहगडाचं दुखणं वेगळंच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. राजगड आला, रायगड आला, शिवनेरी, लोहगड, पार तमिळनाडूतला जिंजीसुद्धा आला. पण ज्याच्यावर जाऊन कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाल्लं की पुणेकर स्वतःला गिर्यारोहक समजतो, तो सिंहगड नाही. पाहणीला आलेल्या मंडळींना कुणी पिठलं-भाकरी विचारली नसावी, असा माझा संशय आहे. मुलांचे निकष मात्र पक्के. कडा उभा हवा, म्हणजे त्यावर रबराची पाल घोरपड म्हणून चिकटवता येते. सिंहगड जिंकल्याची 4 फेब्रुवारी 1670 ची ती रात्र दरवर्षी वसुबारसेलाच उजाडते, तीही इलेक्ट्रिकच्या माळांत.

पाडव्यापर्यंत गड अजिंक्य असतो. भाऊबीज आटोपली की उरलेले सुतळी बॉम्ब बाहेर निघतात आणि ज्यांनी बुरूज बांधला तेच त्याखाली सुरुंग पेरतात. तुळशीच्या लग्नाआधी ढिगारा हलवा, असं सेक्रेटरी फळ्यावर लिहितात. माती मात्र कुणी फेकत नाही. ती गुपचूप वेगवेगळ्या मजल्यांवरच्या कुंड्यांत जाते. शेणखताचे पैसे वसूल व्हायला नकोत?