कराकात : तरंगणारे भंगार
कराकात हे रशियातल्या दलदलीत, गोठलेल्या तळ्यांवर आणि कुणाच्या तरी अंगणात अर्धवट अवस्थेत आढळणारे, घरी बनवलेले वाहन. नाव ‘कराकातित्सा’ या माकुळाच्या रशियन नावावरून पडले; रूप पाहता अपमान माकुळाचाच झाला. इंजिन जुन्या मोटरसायकलचे, सांगाडा लोखंडी पाइपांचा, चाके म्हणजे पट्ट्यांनी आवळलेल्या ट्रक-ट्रॅक्टरच्या फुगीर ट्यूब. ट्यूबमधला हवेचा दाब मोटारीच्या टायरच्या दशांशाच्या आसपास. त्यामुळे वजन पसरते, गाडी चिखलात रुतत नाही. पाण्यात तारणाऱ्याही याच ट्यूब : पूर्ण बुडवलेली १ घनमीटरची ट्यूब सुमारे १००० किलो पाणी बाजूला सारते, आणि आर्किमिडीजचा हा सिद्धान्त शेजाऱ्याकडून उसन्या आणलेल्या वेल्डिंग मशीननेही बिघडत नाही. वल्ह्यांचे काम फिरती चाकेच करतात. पाण्यातला वेग माणसाच्या चालीइतका; वारा समोरून आला की तोही नाही. ब्रेक पुढच्या उन्हाळ्यात बसवायचे असतात. हिवाळी मासेमारीला जाताना बर्फ तडकला, तरी गाडी वर राहते. गळ, थर्मास आणि पान्यांची पिशवी सीटखाली असते. त्यातली पिशवी सर्वांत जड.