खंड्याची कचेरी

कोकणच्या समाजव्यवस्थेत चाकरमान्याचे स्थान पिढ्यानुपिढ्या ठरलेले आहे: त्याने मुंबईस राहावे, महिन्याचे महिन्याला पैसे धाडावेत, गणपतीस आणि शिमग्यास यावे, आल्यावर चार दिवस ओटीवर पाय पसरून बसावे आणि मुदत सरताच लांज्याहून एस. टी. अथवा विलवड्याहून रेल्वेगाडी धरून परतावे. चाकरी मुंबईस आणि विश्रांती गावी ही वाटणी इतकी पक्की की, 24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदीचा हुकूम सुटला, त्याच उन्हाळ्यात चाकरमानी कोकणात उतरले, कित्येकांना गावोगावच्या शाळांतून विलगीकरणात ठेवून यथावकाश घरी सोडण्यात आले, तरी त्यांपैकी काहीजण पाठीवरच्या पिशवीतून आपली कचेरीच बरोबर घेऊन आले आहेत, हे गावाच्या ध्यानी आले नाही. माझ्या बाबतीत ते अद्यापि आलेले नाही. मी विश्रांतीलाच आलो आहे, हा समज सभ्य माणसे मनात ठेवतात. आमचा खंड्या तो जाहीरपणे मांडतो.

खंड्याचा वंश शुद्ध गावठी, वर्ण तांबूस, एक कान उभा आणि दुसरा कायमचा रजेवर. नारळ सोलणे, लाकडे फोडणे, गुरांवर ओरडणे या कामांना नाद असतो, गंध असतो, म्हणून ती त्याला मान्य आहेत. परंतु पडवीच्या ज्या एकाच कोपऱ्यात रेंज येते तेथे टेबल मांडून, उजळलेल्या काचेकडे टक लावून, मधूनमधून ‘माझा आवाज येतोय का?’ असे शून्यास विचारणारा मनुष्य त्याच्या मते बेकार असून, त्याचे मन रमविणे हे इमानी जनावराचे कर्तव्य ठरते.

या कर्तव्याचा शिरस्ता ठरलेला आहे. प्रथम टेबलाखाली दीर्घ सुस्कारा. मग गुडघ्यावर पंजा, हा मूळ अर्ज. पाठोपाठ दुसरा पंजा, हे स्मरणपत्र. दोन्ही दाखल होऊनही दखल घेतली गेली नाही, म्हणजे स्वारी मागीलदारी जाऊन नारळाचे एखादे चघळून ओलेचिंब झालेले सोडण आणते, ते माझ्या उघड्या पावलावर नेमके ठेवते, दोन पावले मागे सरते आणि एकदा सोडणाकडे, एकदा माझ्याकडे, अशी नजर फिरवीत भुवयांची आतली टोके वर उचलते. ही भुवई केवळ करुणेने उचलली जात नाही, याला शास्त्राचा आधार आहे. पोर्ट्समथ विद्यापीठातील संशोधकांनी 2017 साली असे प्रसिद्ध केले की, माणसाचे तोंड आपल्याकडे असता कुत्रे चेहऱ्याच्या हालचाली अधिक करतात आणि पाठ असता कमी. खाद्य दाखविल्याने तसा फरक पडत नाही. पुढे 2019 साली हेही सिद्ध झाले की, भुवई अशी उंचावणारा स्नायू कुत्र्याच्या ठायी चांगला विकसित असून लांडग्यात तो जवळजवळ नसतोच. सहस्रावधी वर्षे मनुष्याच्या सहवासात राहून या जातीने एक स्नायू कमावला, आणि तो माझ्या मासिक ताळेबंदाच्या आड यावा!

सभा सुरू झाली की प्रकरण अधिक नाजूक होते. साहेब बोलत असता खंड्या मौन पाळतो. माझी पाळी आली म्हणजे मात्र, पडवीत दुसरे कोणी नसल्याने, मी हे त्याच्याशीच बोलत आहे असा त्याचा रास्त ग्रह होतो आणि प्रत्येक वाक्यास तो सविस्तर उत्तर देतो. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात कुत्र्यांचा मेळा ऋत्विजांप्रमाणे एकामागोमाग सरकत येतो आणि बसून अन्नासाठी सामगान करतो. तो मेळा पाहणाऱ्या ऋषींना कानांवर यंत्रे चढवून ते ऐकावे लागले नाही. खंड्याला बांधून ठेवावे म्हटले, तर बिबट्याच्या धास्तीने रात्री घरात कोंडलेल्या जिवाला दिवसाही दावे लावणे आईच्या न्यायात बसत नाही. एवढे मात्र खरे की, ‘चला, थांबूया’ हे शब्द कानी पडताच सभा बरखास्त झाल्याचे त्यालाच प्रथम कळते, आणि साहेबांचा निरोप पुरा होण्याआधी तो अंगणाच्या पायरीवर शेपूट हलवीत उभा असतो.

परवा भर सभेत शेजारचे काका गडग्यापलीकडून ओरडले, ‘अरे, वांदर उतरलेत फणसावर! खंड्याला जरा पाठव.’

वानरांवर धावून जाणे हे खंड्याचे परगण्यात मान्यता पावलेले काम असून, त्याचा मेहनताना म्हणून काकांकडून त्याला भाकरी मिळते. या घरात गावाच्या लेखी नोकरी असलेला तोच एक. त्याने कान टवकारला, काकांकडे पाहिले, उजळलेल्या काचेकडे पाहिले आणि पुन्हा टेबलाखाली माझ्या पावलांवर हनुवटी टेकली.

‘आत्ता नाही हो यायचा तो,’ स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘मीटिंग चालू आहे त्याची.’

काकांना ते पटले. त्यांनी हातातली काठी गडग्यावरून माझ्याकडे पुढे केली.

‘मग तू चल. तुला काय, तू रिकामाच आहेस.’