बॉसला चलान कोण पाठवणार?

आमच्या चौकातला नवा कॅमेरा फार हुशार आहे म्हणे. पट्टा न लावलेला, हेल्मेट घरी विसरलेला, पांढऱ्या रेषेच्या बोटभर पुढे थांबलेला, सगळे टिपतो. नंबरप्लेट वाचतो आणि तुम्ही घरी पोचायच्या आत ई-चलान धाडतो. फक्त त्याला ‘बॉस’ वाचता येत नाही.

बॉस म्हणजे 8055. आकडे असे वळवून रंगवायचे की माणसाला अक्षरं दिसावीत आणि यंत्राला काहीच कळू नये. 214 असेल तर ‘राम’. (हा निदान प्रामाणिक, ‘राम’ म्हणायची वेळ कधी येईल सांगता येत नाही.) एप्रिल 2019 पासून नवी गाडी येते तीच सुरक्षित प्लेट घेऊन. तिच्यावर चक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसलं की न निघणारं लॉक. पण 8055 मिरवणारा आमच्या चौकातला पोरगा, म्हणजे आमचा बॉस, त्याच्या मित्राकडे पक्कड होती. जुन्या गाड्यांनाही मग तीच प्लेट सक्तीची झाली, मुदत वाढली, पुन्हा वाढली. ज्यांनी मुकाट्याने पैसे भरून ती बसवली त्यांचे नंबर आता कॅमेऱ्याला लांबूनच लख्ख दिसतात. चलानं त्यांनाच येतात. कायदा पाळणाऱ्याला पकडणं किती सोपं झालंय!

बॉसचं वय सोळा. रीलच्या अ‍ॅपने जन्मसाल विचारलं तेव्हा त्याने 1990 टाकलं, अ‍ॅपचं समाधान झालं. रोज संध्याकाळी रील: ट्रिपल सीट, दोन्ही हात सोडलेले, शर्टावर शाळेचं बोधचिन्ह, खाली पूर्ण नाव आणि क्लासची वेळ. रस्त्यावर चार आकडे लपवणारा हा पोरगा मोबाइलवर काहीच लपवत नाही. आणि त्याला शिकवणार कोण? शाळेत ‘सुरक्षित इंटरनेट’वर व्याख्यान झालं. आपले फोटो अनोळखी लोकांपुढे टाकू नका, असं पाहुण्यांनी बजावलं. टाळ्या झाल्या. लगेच पोरांना फलकासमोर बसवून फोटो काढला आणि नाव, इयत्ता, तुकडीसकट शाळेच्या पानावर चढवला. एका पालकाला विचारलं नाही. अरे, लाज वाटते का कुणाला?

अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. बॉसच्या वडिलांना हे ठाऊक आहे. रीलखाली त्यांनी लिहिलंय, ‘वाघ आहे माझा!’ त्याखाली कुणा अनोळखी काकांनी विचारलंय, ‘गाडी मस्त, राहतोस कुठे?’

बॉसने पिनकोडसकट सांगितलंय.