भारवादी दर्शन : एसएमपीएस-परीक्षेची अल्प मीमांसा

संगणक चालू होत नाही, या दुःखाच्या निवारणार्थ आजवर दोन संप्रदाय उदयास आले. पहिला यूपिनवादी. त्याचे अनुयायी एसएमपीएसच्या चोवीस पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर यूपिनने काळीला शॉर्ट करतात. पंखा फिरला आणि पिवळ्या वायरवर मीटरने १२.०८ दाखवले, की ‘सप्लाय ओके, मदरबोर्ड गेलाय’ असा निकाल देऊन मोकळे होतात. मदरबोर्डची बाजू कोणी ऐकून घेत नाही.

दुसरा संप्रदाय भारवादी; प्रस्तुत लेखक त्याच पंथाचा. पंखा फिरला यावरून पंखा फिरतो एवढेच सिद्ध होते, हे आमचे मूलसूत्र. पंख्याला एक अँपिअरसुद्धा लागत नाही. दांडगे ग्राफिक्स कार्ड दहा-पंधरा मागते. कॅपॅसिटर सुकला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, पण करंट ओढल्याशिवाय हे उघडकीस येत नाही. घरात कार्य निघेपर्यंत सगळेच भाऊबंद मदतीला तयार असतात.

नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. आमच्या शास्त्रात धूर निघाला म्हणजे अनुमानाची वेळ टळून गेली. म्हणून प्रमाण मानावा तो मोटारीचा बल्ब. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, हेडलाइटचा ५५ वॉटचा साडेचार. पिवळी-काळी वायर पकडून जोडला की लोड तयार. मात्र थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे मोठा बल्ब पहिल्या क्षणी असा काही हिसका मारतो की चांगला सप्लायही घाबरून बंद पडतो. निरपराधाला शिक्षा नको, म्हणून छोटे बल्ब एकेक करून वाढवावेत.

आता मीटर लावा आणि पंधरा मिनिटे थांबा. गरम झाल्यावरच खरे रूप दिसते. एटीएक्सच्या नियमाने १२ व्होल्टला पाच टक्के सूट आहे : ११.४० ते १२.६०. त्याखाली घसरला तर यूपिनवाद्यांचा पराभव झाला असे समजावे. रिपल १२० मिलिव्होल्टच्या आत हवा, पण डीसीवर लावलेला मीटर सरासरी दाखवून तो पोटात घालतो. तिथे ऑसिलोस्कोपच लागतो. काही जण मीटर एसीवर लावून रिपल ‘मोजतात’. त्याला साक्ष म्हणू नये, कुजबुज म्हणावी.

अपराधी बहुधा आउटपुटकडचा कॅपॅसिटर निघतो : टोपीवरची खाच फुगून वर आलेली, कडेला तपकिरी ओघळ. तो पाहायला पेटी उघडणाऱ्या सर्व संप्रदायांच्या वाचकांना विनंती, की आधी प्लग काढा आणि इनपुटकडच्या मोठ्या कॅपॅसिटरवर मीटर धरा. २३० व्होल्ट एसीचे तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकू शकतात.