रुक्मिणीच्या माहेरचा कटऑफ

आमच्या कौंडण्यपुरात कोणाच्या पोरीचा नंबर कुठं लागेल, हे सीईटी सेलच्या आधी पानठेल्यावर ठरतं. यंदा पाळी माझ्या पुतणीची होती. इंजिनिअरिंगच्या सीईटीत पीसीएमला 95 पर्सेंटाईल आले आणि सुपारी कातरता कातरता तिला पुण्याला पाठवून मंडळी मोकळी झाली.

"पंच्यान्नव? मंग सीओईपी पक्कं समज राज्या!"

"अन् नाही लागला नंबर तं मुंबईचं व्हीजेटीआय हाये ना!"

सीओईपी 1854 चं आणि व्हीजेटीआय 1887 चं. पण ठेल्यावरच्या आत्मविश्वासापुढं दोन्ही कालची पोरं. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे मी सांगून पाहिलं. 95 पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली पाच पोरं पुढं. 2025 ला पीसीएमला चार लाखांवर मुलं बसली होती, त्या हिशोबानं वीसेक हजार पुढं. सीओईपीच्या कॉम्प्युटरचं दार खुल्या गटात 99 च्या खाली उघडत नाही. एवढं सांगितल्यावर ठेलेवाला माझ्याकडं कीव आल्यासारखा पाहत म्हणाला, "तुमीच घरचे असून पोट्टीले कमी लेखता, बाप्पा!"

घरात वेगळंच. वहिनींना नवस बोलायचा होता, पण बोलणार कोणाजवळ? रुक्मिणीमातेची पालखी 1594 पासून ज्येष्ठात पंढरपूरला निघते. सीईटीचा निकाल जूनमध्ये लागतो. म्हणजे ऐन निकालाच्या वेळी माय गावात नसते, वाटेत कुठंतरी मुक्कामाला असते! आत्यानं मग एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर वाचायला काढलं. ते लग्न जमावं म्हणून वाचतात, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "चांगलं कॉलेज भेटलं तं लग्नबी जमतेच ना!" यावर उत्तर नव्हतं.

रुक्मिणीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जाचा, पहिला घोटाळा आमच्याच गावात झाला. भीष्मकराजाचं कुंडिनपूर ते हेच. पोरीच्या मनात द्वारकेचा श्रीकृष्ण, बापाची ना नाही, पण थोरला भाऊ रुक्मी यानं परस्पर फॉर्म भरला. त्यात ऑप्शन एकच, चेदीचा शिशुपाल! पोरीनं गपचूप सात श्लोकांचा अर्ज ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडला आणि अंबिकेच्या देवळातून थेट रथात बसली. प्रवेशाचा कॅप राऊंड नाही, डोमिसाईल नाही. पाठलाग करणाऱ्या रुक्मीचे केस-मिशा कृष्णानं तलवारीनं अर्धवट भादरून टाकल्या. थोरल्या भावांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या घरच्या रुक्मीनं घेतली नव्हती. पुतणीला सिव्हिल पाहिजे, तेही अमरावतीच्या सरकारी कॉलेजात. 1964 चं कॉलेज, घरापासून चाळीसेक किलोमीटर. पण तिचा भाऊ म्हणे, "सिव्हिलले कोण इचारते? कॉम्प्युटर घे, कुठंबी घे." त्या 'कुठंबी'त तो पार कोकणात जाऊन पोचला होता. पोरगी मात्र गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या घेऊन बसली होती. आमच्या अख्ख्या खानदानात अंदाज असा तिनं एकटीनंच काढला: आपला गट कोणता, तिसऱ्या राऊंडला आकडा किती उतरतो, आणि बऱ्याच कॉलेजांत होम युनिव्हर्सिटीच्या 70 टक्के जागा असतात, त्यात आपण बसतो का. कौंडण्यपूरचं असल्याचा फायदा पुराणाबाहेर प्रथमच दिसला.

एक गोष्ट तिनं मलाही शिकवली. फॉर्म वरून खाली वाचला जातो आणि जिथं पहिल्यांदा जागा जुळते, तिथं नंबर लागतो. म्हणून क्रम आवडीचा लावायचा, शक्यतेचा नव्हे. वर एखादं आवाक्याबाहेरचं कॉलेज टाकलं तर खालचं हातातून जात नाही. पण पहिल्याच राऊंडला पहिला ऑप्शन मिळाला, तर तोच घ्यावा लागतो. तेव्हा पहिल्या ओळीत ठेलेवाल्याच्या समाधानासाठी काही लिहायचं नाही.

तेवढ्यासाठी सांगणं आहे: पोरीचा ऑप्शन फॉर्म पोरीलाच भरू द्या. ओटीपी मात्र बापाच्या मोबाईलवर येतो. तो वेळेवर सांगा, आणि त्या दिवशी फोन वावरात विसरू नका.