किक आणि कैफियत : उभ्या सभेची मीमांसा

ग्रामसभा या विषयावर आजवर भरपूर शाई खर्ची पडली आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे सातवे कलम, 73वी घटनादुरुस्ती, महिलांची वेगळी सभा, यांवर पुस्तिका निघाल्या, शिबिरे झाली, शाळेच्या भिंती रंगल्या. पण गावातली खरी गाऱ्हाणी ज्या सभेत मांडली जातात, तिच्याबद्दल एकाही परिपत्रकात अवाक्षर नाही. ही सभा उभ्याने भरते. तिला अध्यक्ष नाही, अजेंडा नाही, सतरंजी नाही. कचेरीला कुलूप लावून ग्रामसेवक गाडीवर टांग टाकतो तेव्हा ती सुरू होते आणि गाडी हलली की संपते.

पूर्वसूरींना दोष देता येत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गाव-गाडा’त पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुत्या-अलुत्यांपर्यंत सगळ्या गावाची झडती घेतली. पण त्या काळचा अंमलदार घोड्यावरून यायचा आणि घोड्याला किक नसते. त्यामुळे प्रस्तुत विषय त्यांच्या हाती लागला नसावा.

आधी प्रतिपक्षाचा, म्हणजे बसक्या सभेचा विचार करू. कायद्याने वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी तो. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हा मला या कायद्यातला सगळ्यात समजूतदार भाग वाटतो. ज्याने तो लिहिला त्याने एखादी ग्रामसभा प्रत्यक्ष पाहिलेली असणार. लोक येत नाहीत ते आळसाने नव्हे. तिथे बोललेले प्रोसिडिंगात नावानिशी उतरते, पुढच्या निवडणुकीत वाचून दाखवले जाते, आणि गटाराबद्दल तोंड उघडले की मागून कुणीतरी हळूच विचारतो, “घरपट्टी भरली का रं यंदाची?” गटार तिथेच तुंबते.

उभ्या सभेच्या मुळाशी आणखी एक कारण आहे. एकेका ग्रामसेवकाकडे बऱ्याचदा दोन-दोन, तीन-तीन गावे. कचेरीच्या दारावर ‘सोमवार व गुरुवार’ असे लिहिलेले असते. त्यातल्या सोमवारी पंचायत समितीत मीटिंग असते आणि गुरुवारी सोमवारच्या मीटिंगची माहिती भरायची असते. म्हणजे माणूस हाती लागतो तो निघतानाच. (शासनाने 2024 मध्ये ग्रामसेवकाचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केले आणि तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’. गावाने दोघांनाही पूर्वीसारखेच ‘भाऊसाहेब’ ठेवले. कुठले भाऊसाहेब, हे गाऱ्हाण्यावरून कळते.)

आता किक. पहिल्या किकला सुरू होणाऱ्या गाडीवर कैफियत मांडताच येत नाही, हा या शास्त्राचा पाया. आमच्या भाऊसाहेबांची जुनी हिरो होंडा चौथ्या-पाचव्या किकेला दाद द्यायची, आणि तेवढ्यात एक खांब, एक मोरी आणि अर्धी पाणंद उरकत असे. पौषातल्या गारठ्यात चोक ओढावा लागे, तेव्हा सभा चांगली रंगायची. पावसाळ्यात प्लगमध्ये पाणी गेले की विचारू नका. गटारे तुंबायची आणि भाऊसाहेब अडकायचे ते एकाच आठवड्यात. निसर्गाने एवढी सोय दुसऱ्या कुठल्या खात्याला करून दिलेली नाही.

समोरच्या टपरीच्या बाकावरून टिपलेला एक नमुना जसाच्या तसा देतो.

“भाऊसाहेब, निघालात?”

“निघालो आप्पा.”

“या मग. काय नाही, सहज.” (डावा हात हँडलवर.) “ते तेवढं खांबाचं बघा.”

“कुठला खांब?”

“मारुतीच्या मागला. म्हंजे मला काय, मी आठलाच झोपतो. पण लोकं म्हणत्यात.”

“लोकं म्हणजे कोण?”

“लोकं.”

“अर्ज द्या की मग.”

“अर्ज कशाला? सांगितलं न्हवं आत्ता!”

“बघू.”

या संहितेत तीन स्थळे महत्त्वाची. पहिले ‘सहज’. ज्या वाक्याच्या आधी ‘सहज’ येते ते चार रात्री जागून तयार केलेले असते. दुसरे ‘लोकं’. मारुतीच्या मागे त्या खांबाखाली एकच घर आहे आणि ते आप्पांचे आहे. तिसरे ‘बघू’, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. ‘बघतो’ म्हणाले तर एकट्याच्या अंगावर येते. ‘बघू’ अनेकवचनी आहे. त्यात भाऊसाहेब, सरपंच, वीज कंपनी आणि खुद्द आप्पा असे सगळे आले, म्हणजे बघायचे कुणीच नाही. ‘बघितलं जाईल’ हा कर्मणी प्रयोग निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर वापरतात. ‘वर कळवलंय’ याचा अर्थ मात्र अजून वादग्रस्त आहे. काही जण ‘वर’ म्हणजे पंचायत समिती घेतात, काही जिल्हा परिषद. बोलणाऱ्याची नजर त्या वेळी आभाळाकडे असते, एवढेच मी सांगू शकतो.

हात कुठे ठेवला यालाही अर्थ असतो. हँडलवर हात म्हणजे काम स्वतःचे. कॅरिअरवर हात म्हणजे भावकीतला वाद, आणि तो मिटवायचा नसून फक्त भाऊसाहेबांच्या कानावर घालायचा आहे. आरशाशी चाळा करत बोलणारा हमखास विरोधी गटाचा सदस्य. त्याला उत्तर नको असते. सरपंचांच्या ओसरीवरून तो बोलताना दिसला पाहिजे, बस्स.

बाया गाडीला हात लावत नाहीत. त्या पुढच्या चाकासमोर रिकामा हंडा ठेवतात आणि बाजूला उभ्या राहून आपापसात बोलू लागतात. भाऊसाहेबांकडे बघतही नाहीत. मग भाऊसाहेबच म्हणतात, “काय झालं वैनी?” मोटर जळाली आहे, आज सहावा दिवस आहे, हे सगळे त्यांना माहीत असते. तरी हंड्याला वळसा घालून गाडी काढायची छाती आजवर कुणा भाऊसाहेबाला झालेली मी पाहिली नाही. या पद्धतीला ‘बघू’ असे उत्तर मिळाल्याचीही नोंद माझ्याकडे नाही; तालुक्याला तिथूनच फोन लागतो. पुरुष मंडळींनी हा धडा का घेतला नाही, यावर माझे मत आहे, पण मला याच गावात राहायचे आहे.

गेल्या दिवाळीत भाऊसाहेबांनी बटणस्टार्टची गाडी घेतली. पेढे वाटले. आम्हीही खाल्ले, आणि त्याच आठवड्यात नुकसान किती मोठे आहे ते लक्षात आले. आता ‘निघालात?’ हा प्रश्न पुरा होईतो गाडी वेशीबाहेर असते. अभ्यासाला साहित्यच उरले नाही. एक-दोघांनी पाराजवळच्या स्पीडब्रेकरवर दबा धरून पाहिला, तिथे एखादाच शब्द बसतो, आणि नुसते “खांब!” असे ओरडल्याने कैफियत होत नाही.

आप्पांनी मात्र तोड काढली. सोमवारी आणि गुरुवारी ते धुतलेले धोतर नेसून, पिशवी काखेत मारून साडेचारपासूनच कचेरीसमोर उभे राहतात. “भाऊसाहेब, सोडता का तालुक्याला?” असे म्हणतात आणि मागच्या सीटवर बसतात. नऊ किलोमीटर. तालुक्याला त्यांचे काहीही काम नसते. स्टँडवर एक कप चहा घेऊन ते सहाच्या एसटीने परत येतात आणि फाट्यापासून घरापर्यंत अंधारात चालत जातात, कारण खांबावर अजून बल्ब नाही.