ड्रायरमहाशय, नक्की काय जळतंय?

प्रति,
श्री. ड्रायरमहाशय,
मु. बंद बाल्कनीचा कोपरा, डोंगरी, भाईंदर (प.)



आपण आमच्या घरी आलात तो पहिला पावसाळा आता सरत आला. आपला मान, आपली जागा, आपलं वीजबिल, कशातच आम्ही हात आखडता घेतला नाही. पण हल्ली आपण फिरू लागलात की घरभर करपल्याचा वास सुटतो, आपल्या पाठीला हात लावायची सोय राहत नाही आणि टॉवेल बाहेर येतो तो सुक्या बोंबलासारखा कडक. याबद्दल खुलासा मागवण्यासाठी हे पत्र.

आधी एका गोष्टीबद्दल अभिनंदन. गाव आपण फार हुशारीने निवडलंत. दुसरीकडे कुठे करपल्याचा वास आला की माणसं उठून बघतात. डोंगरीत त्या वासाचे दावेदार आधीच रांगेत आहेत. शेजारी कुणी बोंबील भाजत असतं, कुणी पालापाचोळा पेटवलेला असतो, आणि धावगीच्या डोंगरावरचा कचरा तर वर्षानुवर्षं अधूनमधून पेटतोच. त्याचा धूर उत्तन, चौक, पाली, डोंगरी असा घरोघरी पाहुणचार घेत फिरतो. त्यामुळे आपल्या पोटात काही जळू लागलं की आमच्याकडे आधी चौकशी समिती बसते. ‘डोंगर पेटला असेल,’ असा तिचा एकमताने निष्कर्ष निघतो आणि आम्ही तत्परतेने खिडक्या लावून घेतो. आपल्याला तेच हवं असतं. खिडकी लागली की आपण सोडलेली गरम, दमट हवा आपल्यालाच परत मिळते, आणि पारा आणखी चढतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

खरं तर या किनाऱ्याला आपली गरज नव्हती. इथला जुना ड्रायर म्हणजे बांबूची वलांडी. जबड्यात जबडा अडकवलेल्या बोंबलांच्या जोड्या तिच्यावर लटकतात, ऊन आणि खारा वारा बाकीचं बघून घेतात. पण 1 जूनपासून होड्या किनाऱ्यावर, वलांड्या रिकाम्या, सूर्य रजेवर. हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर आंबूस वासाचे गणवेश आणि रविवारच्या मिस्साचे न सुकलेले शर्ट. म्हणून आपली वर्णी लागली. ऑक्टोबरात आपल्यावर जुनी चादर पडणार आहे, हे ध्यानात असू द्या.

आता आपल्या रागाचं मूळ. आपल्या पोटात एक हीटर, एक पंखा आणि एक जाळी. प्रत्येक फेरीत कपड्यांतून बारीक तंतू सुटतात आणि जाळीवर त्यांचा करडा थर बसतो. थर जाड झाला की हवा अडते, हवा अडली की उष्णता आतच कोंडते, आणि जाळी चुकवून आत गेलेले तंतू हीटरजवळ पोचले की तेच सरपण. थर्मोस्टॅट बिचारा तापमान आवरायला बघतो. त्याचंही चाललं नाही तर थर्मल फ्यूज एकदाच उडतो आणि हीटर बंद पाडतो. घरासाठी जीव देणारा आपल्यातला हा एकमेव सज्जन! आणि त्याच्या बलिदानाची किंमत काय? कुणी हुन्नरी मेकॅनिक येतो, ‘फ्यूज डायरेक्ट करून देतो,’ म्हणतो, आणि हुतात्म्याच्या जागी वायरचा तुकडा बसवतो. यंत्र झकास चालू होतं. का उडाला होता, हे विचारायचं मात्र राहून जातं.

दुसरा आरोपी भिंतीत आहे. आपण 2000 वॅटचे, म्हणजे 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढणार. आपल्याला 16 अँपिअरचं सॉकेट लागतं. घरोघरी मात्र आपली बोळवण होते ती 6 अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर, मिक्सरच्या शेजारी. तिथलं प्लास्टिक तापलं की कधी कधी चक्क मासळीसारखा वास येतो. कुलाब्याच्या एखाद्या शाकाहारी इमारतीत या वासाने हाहाकार उडेल. डोंगरीत ‘मासळीचा वास येतोय’ अशी तक्रार करून दाखवावी कुणी!

आपलं घराणं विलायतेतही नावाजलेलं. लंडनच्या शेफर्ड्स कोर्ट या 18 मजली इमारतीला 19 ऑगस्ट 2016 रोजी आग लागली ती आपल्याच एका भाऊबंदामुळे. त्या यंत्रांत तंतू हीटरला लागून पेटू शकतात, हे ती बनवणाऱ्या कंपनीने 2015 मध्येच जाहीर केलं होतं. सल्ला काय, तर वापरत राहा, फक्त लक्ष ठेवा. प्लग काढून ठेवा, हे सांगायला 2017 उजाडलं आणि यंत्रं परत मागवायला 2019. अमेरिकेतला सरकारी अंदाज असा, की 2008 ते 2010 या काळात तिथे घरांमधल्या ड्रायरना वर्षाला सुमारे 2,900 आगी लागत होत्या. कारणांत पहिला नंबर साफसफाई न करण्याचा. म्हणजे आपण पेटता आणि आम्ही पेटू देतो, ही भागीदारी सातासमुद्रांपारची आहे.

तेव्हा भागीदारी मोडल्याची ही नोटीस समजा. यापुढे घरात वास आला की डोंगराकडे बघण्याआधी आपला मेन स्विच पडेल. धूर दिसला तर आपलं दार उघडलं जाणार नाही, कारण आत हवा गेली की आग भडकते. माणसं घराबाहेर पडतील आणि 101 ला फोन जाईल. जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ होईल. मालिशच्या तेलाचे पंचे आपल्या पोटात जाणार नाहीत, कारण तेल मुरलेलं गरम कापड ढिगात पडलं की आपलं आपण तापत जाऊन पेटू शकतं. आम्ही झोपलेले असताना किंवा बाहेर गेलेलो असताना आपण फिरायचं नाही.

आतले तंतू साफ होऊन, फ्यूज का उडाला ते शोधून, मूळ मापाचा नवा फ्यूज आणि स्वतंत्र वायरवरचं 16 अँपिअरचं सॉकेट बसेपर्यंत आपला प्लग बाहेरच राहील. कपडे ओले राहिले तरी चालतील.

कळावे, लोभ बेताचाच असावा.

आपली,
डोंगरीतली एक रहिवासी